माळ्याची किंमत कोणी निर्माण केली?

मुंबईच्या चाळीत वाढलेल्या माणसाला 'माळा' या शब्दाचे दोन अर्थ ठाऊक असतात. एक अर्थ इमारतीचा मजला. दुसरा अर्थ, खोलीच्या अर्ध्या भागावर फळ्या टाकून केलेला पोटमाळा. दिवसा तेथे ट्रंका व अडगळ असते आणि रात्री घरातला तरुण मुलगा किंवा गावाहून कामासाठी आलेला भाचा झोपतो. या पोटमाळ्याला मुंबईत सर्रास 'लॉफ्ट' म्हटले जाते. न्यूयॉर्कमध्ये मात्र 'लॉफ्ट' म्हणजे कारखान्याचा वा वखारीचा, मध्ये आडभिंती नसलेला अखंड मजला. त्या शहराच्या मॅनहॅटन बेटावरील सोहो या भागात असा एखादा मजला राहण्याचे घर म्हणून विक्रीस निघतो, तेव्हा त्याच्या जाहिरातीत उंच छताचे, ओतीव लोखंडाच्या खांबांचे, गिलावा काढून उघड्या केलेल्या विटांचे आणि भव्य खिडक्यांचे रसभरित वर्णन असते. वस्ती पूर्वी कशी रांगडी आणि कळकट होती, याचाही उल्लेख कौतुकाने केलेला असतो. किंमत कित्येक दशलक्ष डॉलरांच्या घरात असते.

एखाद्या अतिश्रीमंताने सातासमुद्रापलीकडे कोठे घर घ्यावे, याची चिंता या स्तंभाने करण्याचे कारण नाही. परंतु त्या घराची किंमत कशी तयार झाली, हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांनी अवश्य अभ्यासावा असा आहे. कारण ज्या रीतीने सोहोतील मजले कामगाराच्या हातून निसटले, त्याच रीतीचा एक अधिक निष्ठुर प्रयोग आपल्या डोळ्यांसमोर गिरणगावात झाला, आणि धारावीत तो आज मांडला जात आहे. जाहिरातीतील 'कळकट' या शब्दामागे माणसे होती, त्यांचे श्रम होते आणि काही सरकारी निर्णय होते. त्यांचा हिशेब जाहिरातीत नसतो. तो आपण मांडला पाहिजे.

कळकटपणाचा इतिहास

सोहोतील लोखंडी दर्शनी भागाच्या इमारती मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहेत. कापड आणि तयार मालाच्या घाऊक व्यापाऱ्यांनी त्या वखारी व दुकाने म्हणून बांधल्या. उतारूंसाठी ओटिसने बनवलेला पहिला व्यापारी उद्वाहक १८५७ मध्ये बसवला गेला तो याच भागातील ब्रॉडवेवरील हॉवट इमारतीत. पुढे व्यापारी उत्तरेकडे सरकले आणि या मजल्यांवर शिवणकाम, टोप्या, बाहुल्या, छपाई, चिंध्या व रद्दीची वर्गवारी असे लहान उद्योग आले. कामगार प्रथम पूर्व व दक्षिण युरोपातून आलेले ज्यू आणि इटालियन होते, नंतर कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोतून आलेले. त्यात स्त्रियांची संख्या मोठी होती.

हे काम सुखाचे नव्हते, हे येथेच नमूद केले पाहिजे. सोहोच्या थोडे उत्तरेस ग्रीन रस्त्याच्या कोपऱ्यावर अशाच लॉफ्ट इमारतीच्या वरच्या मजल्यांवर ट्रँगल शर्टवेस्ट हा कपड्यांचा कारखाना होता. २५ मार्च १९११ रोजी तेथे आग लागली. एक दरवाजा कुलूपबंद होता. १४६ कामगार मृत्युमुखी पडले; त्यांतील बहुसंख्य तरुण स्थलांतरित मुली होत्या. ज्या उंच छताचे आणि रुंद खिडक्यांचे आज मोल आहे, त्याच खिडक्यांतून त्या मुलींनी उड्या टाकल्या. तेव्हा जुन्या कारखान्याविषयी गहिवर काढणे हा आमचा हेतू नाही. प्रश्न इतकाच आहे, की त्या मजल्यावर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या समाजाचा त्याच्या वाढत्या मोलात काही हक्क होता की नाही?

दुसऱ्या महायुद्धानंतर या भागाला उतरती कळा लागली, असे सांगितले जाते. ते अर्धे खरे आहे. मालमोटारींच्या वाहतुकीला एकमजली विस्तीर्ण शेड सोयीच्या झाल्या, स्वस्त आणि असंघटित मजुरीच्या शोधात कारखाने दक्षिणेकडील राज्यांत गेले, बंदराचा व्यवहार नदीपलीकडे न्यू जर्सीत सरकला. परंतु दुसरे अर्धे कारण नगरनियोजनाचे होते. रॉबर्ट मोझेस या बलाढ्य अधिकाऱ्याने या वस्तीतून दहा पदरी द्रुतगती महामार्ग नेण्याची योजना आखली होती. जी इमारत उद्या पाडली जाणार, तिच्यावर कर्ज कोण देणार आणि तिची दुरुस्ती कोण करणार? महामार्गाची टांगती तलवार कित्येक वर्षे राहिली. जेन जेकब्ज आणि स्थानिक रहिवाशांच्या चळवळीमुळे १९६२ मध्ये ती योजना एकदा फेटाळली गेली, पुन्हा डोके वर काढती झाली आणि १९६९ मध्ये कायमची रद्द झाली. तोवर वस्ती पुरेशी कळकट झालेली होती. आगीचा बंब चालवणारे लोक तिला 'नरकाचे शंभर एकर' म्हणू लागले होते.

याच काळात, १९६३ मध्ये, चेस्टर रॅपकिन या नियोजनतज्ज्ञाने नगरनियोजन आयोगासाठी या भागाची पाहणी केली. जो भाग मोडकळीस आलेला म्हणून पाडावयाचा होता, तेथे लहान उद्योग जिवंत असून कमी शिकलेल्या, अल्पसंख्य आणि स्त्री कामगारांना ते रोजगार पुरवत आहेत, असे त्याला आढळले. बाहेरून पाहणाऱ्याला जे ओसाड दिसते, ते आतून कामाने गजबजलेले असू शकते. हा धडा आपण पुढे धारावीच्या संदर्भात पुन्हा पाहणार आहोत.

महामार्ग टळला, पण उद्योग वाचला नाही. १९६०च्या दशकात चित्रकार-शिल्पकार स्वस्त व प्रशस्त जागेसाठी या मजल्यांवर बेकायदा राहू लागले. त्यांनी स्वतःच्या हाताने नळ, वीज, मोऱ्या केल्या. १९७१ मध्ये शहराने प्रमाणित कलावंतांना तेथे राहण्या-काम करण्याची परवानगी दिली. १९७३ मध्ये सुमारे पाचशे इमारतींच्या या भागाला ऐतिहासिक वारसा म्हणून संरक्षण मिळाले. कारखान्याचे निवासात रूपांतर करणाऱ्या मालकांना १९७५ नंतर करसवलतीचा मार्ग खुला झाला. शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते आणि रुग्णालये, शाळा, ग्रंथालये यांच्या खर्चाला कात्री लागत होती ते हेच वर्ष, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९८२ मध्ये राज्याने लॉफ्टमधील भाडेकरूंसाठी वेगळा कायदा केला. त्याच वर्षी शॅरन झुकिन या समाजशास्त्रज्ञ विदुषीचा 'लॉफ्ट लिव्हिंग' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आधी लहान कारखानदार आणि कामगार हटतात, मग कलावंतांच्या वास्तव्याने जागेला प्रतिष्ठा येते, आणि अखेर त्या प्रतिष्ठेचे पैसे भांडवल वसूल करते, हा क्रम तिने उलगडून दाखवला. पुढे बहुतेक कलावंतांनाही तेथे राहणे परवडेनासे झाले. न्यूयॉर्क शहरात १९५०च्या सुमारास कारखानदारीतील रोजगार दहा लाखांच्या आसपास होते. आज ते एक लाखाच्याही खाली आले आहेत.

किंमत म्हणजे काय?

अर्थशास्त्राच्या भाषेत या घटनेला समजून घेण्यासाठी फार गहन सिद्धांताची गरज नाही. इमारत जुनी होते तसे तिचे मूल्य घटते. विटा, लोखंड, लाकूड काळाबरोबर झिजतात. मग दीडशे वर्षांच्या जुन्या मजल्याची किंमत वाढते कशी? वाढते ती मजल्याची नव्हे, त्याखालच्या जमिनीची. आणि जमिनीची किंमत तिचा मालक वाढवत नाही. भुयारी रेल्वे शहराने बांधली, रस्ते व जलवाहिन्या करदात्यांनी बांधल्या, महामार्ग नागरिकांनी अडवला, वस्तीला नाव कलावंतांनी मिळवून दिले. मालकाने केले ते इतकेच, की त्याने वाट पाहिली.

रिकार्डोने भूखंडाचे विवेचन शेतजमिनीच्या संदर्भात केले. त्याचा शहरी अर्थ हेन्री जॉर्ज या अमेरिकन विचारवंताने १८७९ मध्ये आपल्या 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' या ग्रंथात मांडला: समाजाच्या प्रगतीने वाढलेले जमिनीचे मोल समाजाचे आहे आणि ते कररूपाने समाजाकडे आले पाहिजे. हाच हेन्री जॉर्ज १८८६ मध्ये कामगार संघटनांचा उमेदवार म्हणून न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या निवडणुकीत उभा राहिला. तो हरला, पण दुसरा आला, आणि त्याच्या मागे तिसऱ्या क्रमांकावर राहिलेला तरुण उमेदवार म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला थिओडोर रूझवेल्ट. ज्या शहराच्या कामगारांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी जमिनीचा प्रश्न मतपेटीपर्यंत नेला, त्याच शहरात तो प्रश्न आज जाहिरातीच्या गुळगुळीत कागदाखाली गाडला गेला आहे.

या विवेचनाला नील स्मिथ या भूगोलतज्ज्ञाने १९७९ मध्ये एक महत्त्वाची जोड दिली. एखाद्या जागेतून आज मिळणारे भाडे आणि तीच जागा 'सर्वोत्तम' उपयोगाला लावल्यास मिळू शकणारे भाडे यांतील अंतर जेव्हा पुरेसे रुंदावते, तेव्हा भांडवल त्या वस्तीकडे परत येते. म्हणजे वस्तीची दुरवस्था ही या व्यवहारातील अडचण नसून पूर्वअट असते. दुरुस्ती न करणे, कर्ज न देणे, गुंतवणूक थांबवणे यांतून आजचे भाडे पडते, आणि उद्याचा नफा त्याच खड्ड्याच्या खोलीवर ठरतो.

गिरणगावचा ताळेबंद

हे सूत्र हाती घेऊन गिरणगावाकडे पाहिले म्हणजे बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचा भाव कडाडला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. पुढच्या दशकांतील गिरण्यांच्या भरभराटीला त्या संचयाचाही हातभार लागला. कोकण, घाट, देश येथून आलेल्या माणसांनी या गिरण्या चालवल्या. परंतु पुढच्या काळात मालकांनी नफा यंत्रसामग्रीत परत घातला नाही. उत्पादन भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे वळत गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. संपाने गिरण्या मारल्या, असे म्हणण्याची पद्धत आहे. पण ज्या मालकाच्या पायाखालची जमीन त्याच्या यंत्रांपेक्षा कित्येक पटींनी मौल्यवान झाली होती, त्याला गिरणी चालवण्यात रस उरला होता का, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही.

१९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करण्याचे तत्त्व मान्य केले: एक महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाकडे सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाकडे. सुमारे सहाशे एकरांच्या या पट्ट्यात मध्य मुंबईला श्वास घेण्याची अशी संधी पुन्हा येणार नव्हती. वास्तुशास्त्रज्ञ चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९६ मध्ये एकत्रित विकासाचा आराखडाही सुचवला. पण तो बासनात राहिला. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती होऊन वाटणी फक्त 'मोकळ्या' जमिनीपुरती मर्यादित झाली. ज्या जमिनीवर शेड उभी होती, ती पाडल्यावरही वाटणीतून सुटली. एका शब्दाच्या अर्थात शेकडो एकरांचे भवितव्य दडलेले होते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये पर्यावरणवादी याचिकाकर्त्यांच्या बाजूने निकाल दिला, परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

२००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने, म्हणजे सरकारच्याच मालकीच्या संस्थेने, पाच गिरण्यांच्या जमिनी सुमारे दोन हजार कोटी रुपयांना विकल्या. त्यांतील मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटींना गेली. २०१२ मध्ये तीच जमीन एका विकासकाकडून दुसऱ्याकडे सुमारे २,७०० कोटींना हस्तांतरित झाली. सात वर्षांत जवळजवळ चौपट! या सात वर्षांत त्या जागी एकही कुटुंब राहावयास आले नाही. दोन हजार कोटींची ही वाढ कोणाच्या श्रमाची? रिकार्डो आणि हेन्री जॉर्ज यांची पुस्तके न वाचलेल्या माणसालाही याचे उत्तर देता येईल.

सोहोत निदान इमारती टिकल्या. गिरणगावात बहुतेक जमीनदोस्त झाल्या. कोठे शोभेसाठी धुराडे राखले गेले, कोठे जुन्या शेडमध्ये उपाहारगृहे आणि मद्यगृहे आली. कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी लागलेल्या आगीत चौदा जणांचा बळी गेला. आगीपासून बचावाच्या नियमांकडे होणारी डोळेझाक तेथे कापडाबरोबर संपली नाही.

आणि कामगार? दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ पासून बंद गिरण्यांच्या कामगारांचा लढा चिकाटीने चालवला, म्हणून घरांचा हक्क तरी कागदावर आला. २०१२ ते २०२० या काळातील सोडतींतून पंधरा-सोळा हजार घरे वाट्याला आली. त्यांतील म्हाडाची बहुतेक घरे २२५ चौरस फुटांची. अर्जदार दीड लाखांहून अधिक होते. उरलेल्यांसाठी आता मुंबईपासून दूर शेलू-वांगणीचे नाव घेतले जाते. ज्याच्या बापाने लालबाग-परळची जमीन मौल्यवान केली, त्याच्या मुलाला लोकलच्या शेवटच्या टोकाकडे घर, हा या व्यवहाराचा ताळेबंद आहे.

दोन आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप घेतले जातील आणि त्यांची दखल प्रामाणिकपणे घेतली पाहिजे. पहिला असा, की जुनी वस्ती तशीच कुबट ठेवावयाची काय? मुळीच नाही. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे आणि सामाईक संडासासमोरची रांग यांत सौंदर्य शोधणे हा ती न भोगलेल्यांचा छंद आहे. उजेड, वारा, पाणी आणि स्वतंत्र स्वच्छतागृह हा श्रमिकाचा हक्क आहे. आमचा विरोध सुधारणेला नसून सुधारणा होताच जुन्या माणसाला बाहेर काढणाऱ्या व्यवस्थेला आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घरांचा पुरवठा वाढवा, किमती आपोआप उतरतील, असे सांगितले जाते. न्यूयॉर्कने डिसेंबर २०२१ मध्ये सोहोची नियमावली बदलून नव्या बांधकामाला वाट दिली, ती याच युक्तिवादावर, आणि तेथे काही घरे परवडणाऱ्या दराने राखून ठेवण्याची अटही घातली. पुरवठा वाढला पाहिजे, यात शंका नाही. परंतु जमीन सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला विकली, की तो तिच्यावर सर्वांत महाग घरच बांधणार. कारण जमिनीला मोजलेली किंमत त्याला वसूल करावयाची असते. गिरणगावात गेल्या दोन दशकांत आकाशाला भिडणारे मनोरे उभे राहिले. त्या मनोऱ्यांतील घर गिरणी कामगाराच्या, शिक्षकाच्या, परिचारिकेच्या आवाक्यात आले काय?

दुसरी वाट आहे

दुसरी वाट नाही, असे मानण्याचे कारण नाही. सोहोपासून फार दूर नसलेल्या चेल्सी भागात पेन साउथ नावाची सहकारी वसाहत आहे. स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेच्या पुढाकाराने ती बांधली गेली. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. दहा इमारतींत २,८२० घरे आहेत. तेथील नियम साधा आहे: सभासद घर सोडून जाताना आपले भागभांडवल मर्यादित दराने परत घेतो, बाजारभावाने घर विकू शकत नाही. बाजारभावाने विकण्याचा मोह सभासदांसमोर एकापेक्षा अधिक वेळा आला; प्रत्येक वेळी बहुसंख्यांनी तो मतदानाने नाकारला. एकाच शहरात, एकाच शिवणयंत्रावर राबलेल्या वर्गाच्या श्रमातून दोन वास्तू उभ्या राहिल्या. एकीचा मजला दशलक्ष डॉलरांना विकला जातो. दुसरीत आजही मध्यम आणि कमी उत्पन्नाची माणसे राहतात. फरक विटांत नाही, मालकीच्या स्वरूपात आहे.

आपल्याकडे सहकारी गृहनिर्माणाची परंपरा जुनी आहे. गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची. परंतु आपल्या सोसायट्यांनी सहकार देखभालीपुरता ठेवला आणि घराची किंमत बाजारावर सोडली. नागरी जमीन कमाल धारणा कायदा १९७६ मध्ये आला. त्यातील सवलतींच्या भोकांतून बहुतेक जमीन निसटली आणि महाराष्ट्राने २००७ मध्ये तोही रद्द केला. येथे आपल्या चळवळीनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपण वेतन, बोनस आणि महागाई भत्ता यांवर लढलो, ते योग्यच होते. पण कारखान्याखालच्या जमिनीचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे वेळेवर विचारले नाही.

आता तो प्रश्न धारावीत विचारण्याची वेळ आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये धारावी पुनर्विकासाची निविदा अदानी समूहाने जिंकली. चामडे, कुंभारकाम, शिवणकाम, टाकाऊ मालाचे पुनर्वापर असे असंख्य धंदे त्या वस्तीत चालतात. रॅपकिनने सोहोत जे पाहिले, ते तेथे कितीतरी पट मोठ्या प्रमाणावर आहे. १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरील निवासींना धारावीतच घर, पण वरच्या माळ्यावर राहणाऱ्यांना धारावीबाहेर भाडे-खरेदी तत्त्वावर घर, असे योजनेचे धोरण आहे. माळ्यावरचा माणूस पुन्हा एकदा हिशेबाच्या कडेला उभा आहे.

कार्यकर्त्यांनी यासाठी तीन मागण्यांचा आग्रह धरला पाहिजे. सार्वजनिक मालकीची जमीन यापुढे विकली जाऊ नये. भाडेपट्ट्याने द्यावी आणि वाढत्या मोलाचा वाटा समाजाकडे राहावा. पुनर्विकासात घराइतकेच कामाच्या जागेलाही हक्काचे स्थान मिळावे. आणि सार्वजनिक मदतीने उभी राहिलेली घरे मर्यादित मोबदल्याच्या सहकारी तत्त्वावर राखली जावीत, म्हणजे आज मिळालेले घर उद्या बाजारात हरवणार नाही. यासाठी मोर्च्याइतकीच मोजणी आवश्यक आहे. आपापल्या वस्तीत जाऊन कोणता धंदा कोठे चालतो, किती माणसे कोणत्या माळ्यावर राहतात, जमीन कोणाच्या नावे आहे, याची नोंद आपणच केली पाहिजे. सरकारी सर्वेक्षणाच्या यादीत ज्याचे नाव नसते, त्याचे घर नकाशावर नसते. आपली यादी त्यांच्या यादीच्या आधी तयार असली पाहिजे.